अनुभव पाच वर्षांचा हवा, पगार मात्र अठरा हजार?

वृद्धांसाठी केअर सेंटर कसं सुरू करायचं, यावरच्या व्हिडिओत जागा, भाडं, बेड आणि परवानग्या यातच सगळा वेळ गेला. एक मुद्दा मी मुद्दाम बाजूला ठेवला होता, कारण त्यावर माझं मत थोडं कडक आहे. नवीन आजी-आजोबा दाखल होताना त्यांची पहिली तपासणी, म्हणजे असेसमेंट, करणाऱ्या नर्सला पगार किती द्यायचा आणि तिच्याकडे अनुभव किती मागायचा?

माझं सर्जिकल सामानाचं दुकान आहे. वॉकर, एअर बेड, कमोड खुर्ची, ॲडल्ट डायपर असा सगळा माल. सेंटर काढणारी मंडळी सामानाची यादी घेऊन येतात आणि बोलता बोलता स्टाफचा विषय निघतोच. "ताई, एखादी चांगली सिस्टर असेल तर सांगा. जीएनएम पाहिजे, पाच वर्षांचा अनुभव पाहिजे, रिपोर्ट इंग्लिशमध्ये लिहिता आला पाहिजे." पगार किती देणार म्हटलं की उत्तर येतं, "अठरा हजार, राहणं-खाणं आमच्याकडे." अशा वेळी मी विचारते, रिसेप्शनच्या सोफ्याला किती गेले? सोफ्याचा आकडा ऐकून माणूस स्वतःच हसतो.

असेसमेंट म्हणजे बीपी-शुगर लिहून घेणं, असा बऱ्याच जणांचा समज आहे. तेवढंच असतं तर अठरा हजारही जास्त झाले असते. आजोबा स्वतः कुशीवर वळतात का, घास गिळताना ठसका लागतो का, रात्री उठून चालायला लागतात का, पाठीवर-टाचेवर लाल डाग आहे का, मुलगा "सगळं नॉर्मल आहे" म्हणतो तेव्हा खरं किती, हे सगळं पहिल्या दोन दिवसांत ओळखायचं असतं. त्यावरून ठरतं की मदतनीस एक लागणार की दोन, गादी साधी चालेल की एअरची, आणि घरच्यांना महिन्याचा दर किती सांगायचा. म्हणजे तुमच्या धंद्याचा दर त्या नर्सच्या कागदावर ठरतो.

अमेरिकेत हे काम एवढं गंभीर धरतात की त्यासाठी वेगळी पोस्टच असते. (तिथे नर्सिंग होम म्हणजे वृद्धांनी किंवा आजारी माणसांनी दीर्घकाळ राहायची जागा. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटं खासगी हॉस्पिटल. गोंधळ करू नका.) १९८७ च्या कायद्यानंतर तिथे प्रत्येक रहिवाशाचं ठरलेल्या नमुन्यात असेसमेंट करणं सक्तीचं झालं. त्या नमुन्याला एमडीएस म्हणतात आणि सध्याची तिसरी आवृत्ती ऑक्टोबर २०१० पासून चालू आहे. दाखल झाल्यावर १४ दिवसांत पूर्ण असेसमेंट, मग दर तीन महिन्यांनी, मग वर्षाला पुन्हा पूर्ण. १ ऑक्टोबर २०१९ पासून तर सरकारी मेडिकेअर योजनेतून अल्पकाळासाठी आलेल्या पेशंटचा रोजचा दर मुख्यतः याच असेसमेंटवरून ठरतो. नर्सने एखादी गोष्ट नोंदवली नाही तर संस्थेला तिचे पैसे मिळत नाहीत. नसलेली गोष्ट नोंदवली तर ती फसवणूक.

त्यातला एक नियम मला फार आवडतो. जाणूनबुजून खोट्या असेसमेंटवर सही करणाऱ्याला मूळ कायद्यात प्रत्येक असेसमेंटमागे १,००० डॉलरपर्यंत दंड आहे, आणि दुसऱ्याकडून तशी सही करून घेणाऱ्याला ५,००० पर्यंत. दबाव आणणाऱ्यावर पाचपट! आपल्याकडे "सिस्टर, जरा जास्त सिरियस लिहा ना, दर वाढवता येईल" म्हणणारे मालक मी ऐकलेत, म्हणून हे सांगतेय.

आता तिथला पगार. असेसमेंटमध्ये माहिती भरायला दुसऱ्या पातळीची, म्हणजे एलपीएन नर्सही चालते, पण ते पूर्ण झाल्याची सही रजिस्टर्ड नर्सचीच लागते. सरकारी आकडेवारीनुसार २०२३ मध्ये रजिस्टर्ड नर्सची मध्यम वार्षिक कमाई सुमारे ८६ हजार डॉलर होती, एलपीएनची सुमारे ६० हजार. हे सगळ्या प्रकारच्या नोकऱ्यांचे आकडे आहेत, फक्त असेसमेंटचे नाहीत. पण शिक्षण आणि जबाबदारी वाढली की पैसा कसा वाढतो ते दिसतं. डॉलरला रुपयाने गुणून स्वप्नं बघू नका, फक्त दोघींमधलं अंतर बघा.

आपल्याकडे आधार कशाचा घ्यायचा? सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने समिती नेमली होती. खासगी हॉस्पिटल आणि नर्सिंग होममधल्या नर्सना ५० पेक्षा कमी बेड असले तरी महिन्याला किमान २०,००० रुपये द्यावेत, अशी तिची शिफारस होती. २०० च्या वर बेड असतील तर सरकारी नर्सइतकाच पगार. लक्षात घ्या, २०१६ सालचे २०,०००, आणि तेही साध्या स्टाफ नर्ससाठी. तुमचं केअर सेंटर हॉस्पिटल नाही, मान्य. पण तुम्ही नर्स त्याच बाजारातून आणणार आहात. शेजारचं हॉस्पिटल जे देतं त्यापेक्षा कमी देऊन जास्त अनुभवाची बाई मिळणार नाही. मिळालीच तर तीन महिन्यांत जाईल आणि जाताना दोन मदतनीस घेऊन जाईल.

"ताई, परवडत नाही हो." चला, हिशोब करू. समजा तुमचं सेंटर २० बेडचं आहे. चालत्या-फिरत्या माणसाचा दर २५,००० आणि पूर्ण बिछान्यावर असलेल्याचा ३५,०००. असेसमेंट कच्चं झालं आणि तीन माणसं चुकून हलक्या दरात घेतली. दर दोन तासांनी कूस बदलणं, भरवणं, डायपर हे सगळं तुम्ही करताच आहात, पैसे मात्र २५,००० चेच घेताय. महिन्याला ३०,००० गेले. नर्सला अठराऐवजी अठ्ठावीस दिले असते तर जास्तीचे फक्त १०,००० गेले असते. यात पडून हाड मोडलं किंवा बेडसोर झाला तर काय, हे मी धरलेलंच नाही. ते पैशात धरू पण नये, ते कुणाचे तरी आई-वडील आहेत.

अनुभवाबद्दल माझं मत उलटं आहे. वर्षं मोजू नका. पाच वर्षं ओपीडीत इंजेक्शन दिलेल्या सिस्टरपेक्षा दोन वर्षं आयसीयू, ऑर्थो किंवा मेडिसिन वॉर्डात काढलेली सिस्टर या कामाला जास्त उपयोगी. अमेरिकेतही या पोस्टसाठी दीर्घकालीन केअरमधला अनुभव शोधतात, नुसती एकूण वर्षं नाही. मुलाखतीत सर्टिफिकेट बघा, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू आहे का बघा, आणि मग तिला सरळ एका आजींच्या खोलीत अर्धा तास पाठवा. बाहेर आल्यावर विचारा, काय दिसलं? जिने टाचा बघितल्या, चपला बघितल्या, बाथरूमचा उंबरा बघितला, ती तुमची. ब्रेडन स्केलवर बेडसोरचा धोका मोजणं किंवा बार्थेल इंडेक्सचे १०० गुण भरणं आठवडाभरात शिकवता येतं. नजर शिकवायला वर्षं जातात.

सहा-आठ बेडनेच सुरुवात करणार असाल तर पूर्ण वेळ नर्स फक्त असेसमेंटला ठेवू नका, ते खरंच परवडणार नाही. चांगल्या अनुभवी सिस्टरला दर असेसमेंटमागे ठरलेली रक्कम द्या, आणि महिन्यातून एकदा सगळ्यांची फेरतपासणी तिच्याकडूनच करून घ्या. दोन-तीन सेंटर मिळून एक सिस्टर ठेवता येते. या कामासाठी नवऱ्याच्या बदलीमुळे किंवा मुलं लहान म्हणून हॉस्पिटलची नाइट ड्युटी सोडलेल्या सिस्टर शोधा. तुमच्या गावातही अशा चार जणी निघतील.

आणि हे वाचणाऱ्या सिस्टरांनो, तुमच्यापैकी काही जणी माझ्या ट्रेनिंगला येऊन गेल्यात. मुलाखतीला जाल तेव्हा पगाराआधी तीन गोष्टी विचारा. सही कुणाची असणार, दर ठरवताना माझं ऐकणार का, आणि एका दिवसात किती ॲडमिशन घेणार? सही तुमची आणि निर्णय मालकाचा असेल तर चाळीस हजारालाही ती नोकरी महाग आहे.

असेसमेंटचा फॉर्म मराठीत कसा बनवायचा, त्यात घरच्यांची सही कुठे घ्यायची आणि कोणत्या गोष्टी फोटोसह नोंदवायच्या, हे पुढच्या व्हिडिओत कागद हातात घेऊन दाखवते.