जुन्या गाडीचं सस्पेन्शन: लगेच काय बदलायचं, काय थांबू शकतं आणि खर्च कधी परवडतो?

गाडी दहा-बारा वर्षं जुनी आहे. खड्ड्यातून गेली की पुढच्या चाकाकडून 'खट' असा आवाज येतो. एका गॅरेजमध्ये सांगतात, "फक्त लिंक रॉड गेलाय, बदलून टाकू." दुसऱ्या ठिकाणी गाडी लिफ्टवर चढवतात आणि शॉकअप, माउंट, लोअर आर्म, बुश अशी लांबलचक यादी हातात ठेवतात. तिसरा सल्ला घरातूनच येतो, "एवढे पैसे घालण्यापेक्षा विकून टाका ती."

पावसाळ्यानंतर महाराष्ट्रातल्या अनेक कारमालकांसमोर हाच प्रश्न असतो. यातला कुठला सल्ला बरोबर? आणि तो बरोबर आहे हे ठरवायचं कसं?

आत्ताच हा प्रश्न महत्त्वाचा का आहे?

याची तीन कारणं आहेत.

पहिलं कारण कराचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. त्यात गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट १८ टक्के झाला. शॉक ॲब्सॉर्बरसारख्या भागांवर आधी २८ टक्के लागायचे. म्हणजे करापूर्वी १०,००० रुपये किंमत असलेल्या भागांसाठी आधी १२,८०० रुपये मोजावे लागायचे, आता ११,८०० लागतात. त्याच वेळी छोट्या गाड्यांवरचाही कर कमी झाला. त्यामुळे 'दुरुस्त करू की नवी घेऊ' या तराजूची दोन्ही पारडी हलली.

दुसरं कारण नोंदणीचं. खासगी कारची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर गाडी आरटीओकडे तपासून नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि ते पुढच्या पाच वर्षांसाठी मिळतं. एप्रिल २०२२ पासून कारसाठी हे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने २० वर्षांपेक्षा जुन्या कारसाठी ते १०,००० रुपये केलं. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा द्यावा लागतो.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी बोललं जाणारं. भारतात खासगी कारची यांत्रिक तपासणी पहिली १५ वर्षं सक्तीची नाही. दरम्यान होते ती पीयूसी, आणि तिच्यात फक्त धूर तपासला जातो. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी तपासणी होते. जर्मनीत नव्या गाडीची पहिली तपासणी तीन वर्षांनी आणि मग दर दोन वर्षांनी होते. या तपासण्यांमध्ये सस्पेन्शन आणि स्टिअरिंगचे सांधेही पाहिले जातात. आपल्याकडे बॉल जॉइंट सैल झालाय का, हे बघणं पूर्णपणे मालकावर सोडलेलं आहे.

सस्पेन्शनमध्ये नेमकं काय काय असतं?

चाक आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारी ही यंत्रणा. बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच खांबात. मागे दोन्ही चाकांना जोडणारा एक बीम असतो.

यातली कामं वाटलेली आहेत. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. ही स्प्रिंग उसळत राहू नये म्हणून शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअप, तिची हालचाल आवरतो. लोअर आर्म चाकाला जागेवर धरून ठेवतो. आर्म जिथे गाडीला जोडला जातो तिथे रबरी बुश असतात आणि चाकाच्या बाजूला बॉल जॉइंट. वळणावर गाडी कलू नये म्हणून अँटी-रोल बार असतो, आणि त्याला जोडणारी छोटी दांडी म्हणजे लिंक रॉड. टाय रॉड एंड हा खरं तर स्टिअरिंगचा भाग, पण तपासणी सोबतच होते.

लक्षात ठेवायची गोष्ट अशी की शॉकअप फक्त आरामासाठी नसतो. टायर रस्त्याला चिकटून राहावा हे त्याचं मुख्य काम आहे. खराब रस्त्यावर टायर उड्या मारायला लागला की ब्रेक कितीही चांगले असले तरी त्या क्षणी पकड कमी मिळते.

लक्षणं कशी ओळखायची?

छोट्या खड्ड्यांवरून हळू जाताना 'खटखट' येत असेल तर बऱ्याचदा लिंक रॉड किंवा बुश असतो. स्टिअरिंग वळवताना वरच्या बाजूने 'टक' असा आवाज आला किंवा स्प्रिंग झटका देऊन सरकल्यासारखी वाटली तर स्ट्रट माउंटवर संशय घ्यावा. स्पीड ब्रेकरनंतर गाडी दोन-तीनदा झुलते, ब्रेक दाबल्यावर पुढून जास्त वाकते, ही शॉकअपची लक्षणं.

टायरही बरंच सांगतात. टायरवरून हात फिरवल्यावर उंच-सखल लाटा लागल्या तर शॉकअप थकला असण्याची शक्यता आहे. एकाच कडेने टायर झिजला असेल तर अलाइनमेंट बिघडलंय, आणि ते वारंवार बिघडत असेल तर बुश किंवा सांधे तपासायला हवेत.

कोपऱ्यावर जोर देऊन गाडी दाबायची आणि सोडायची, ही जुनी चाचणी सगळ्यांना माहीत आहे. ती अर्धीच खरी आहे. गाडी झुलत राहिली तर शॉकअप नक्कीच कमकुवत आहे. पण झुलली नाही म्हणून तो चांगलाच आहे, असं म्हणता येत नाही. हाताने दाबताना जो वेग असतो तो रस्त्यावरच्या धक्क्याच्या मानाने फारच कमी असतो.

आणि हो, गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी टायरमधली हवा तपासा.

लगेच काय बदलायचं?

इथे भागांची किंमत पाहायची नसते. तो भाग तुटला तर काय होईल, हे पाहायचं असतं.

बॉल जॉइंट किंवा टाय रॉड एंड सैल असेल तर थांबू नये. बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवं होऊ शकतं. टाय रॉड एंड निखळला तर त्या चाकावर स्टिअरिंगचा ताबा राहत नाही. तुटलेली स्प्रिंगही याच गटात येते, कारण तिचं टोक टायर फाडू शकतं. यापैकी काही निघालं तर एक्स्प्रेस वेचा किंवा घाटाचा प्रवास पुढे ढकला. आधी काम करून घ्या.

शॉकअपमधून तेल ओघळत असेल तर काही आठवड्यांत बदलायचं नियोजन करा. मात्र फरक समजून घ्या. शॉकअपच्या वरच्या भागावर तेलाचा हलका थर आणि त्यावर धूळ, एवढंच असेल तर ते लक्ष ठेवण्यासारखं आहे. तेल खालपर्यंत ओघळलेलं असेल तर तो शॉकअप संपला.

बुशमध्ये वरवरच्या भेगा असतील तर लक्ष ठेवून थांबता येतं. रबर फाटून धातूपासून सुटलं असेल तर ब्रेक लावताना आर्म पुढे-मागे सरकतो आणि गाडी डगमगते. तेव्हा बदलणं गरजेचं.

लिंक रॉडचा आवाज त्रासदायक असतो, पण बहुतेक वेळा धोका कमी असतो. महिनाअखेरपर्यंत थांबायचं असेल तर हाच भाग थांबू शकतो.

किलोमीटरचं काय? शॉकअपसाठी ८० हजार किलोमीटरचा आकडा अनेकदा सांगितला जातो. त्याला 'नीट तपासण्याची वेळ' एवढाच अर्थ द्यावा. रोज खड्ड्यांतून जाणारी गाडी त्याआधीच थकते, तर महामार्गावर चालणारी गाडी सहज पुढे जाते. उलट वर्षाला चार-पाच हजार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीचे बुशही वयामुळे कडक होऊन तडकू शकतात.

'सगळंच बदला' म्हटल्यावर काय विचारायचं?

पहिली मागणी एकच: "दाखवा." पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवलं आणि ते लटपटलं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग सैल आहे. डाव्या-उजव्या बाजूने धरून हलवल्यावर लटपटलं तर टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंग रॅक. बुश तपासण्यासाठी पहारीने आर्म किंचित हलवून पाहतात. हे सगळं लिफ्टवर पाच-दहा मिनिटांत दाखवता येतं. जे मेकॅनिक दाखवू शकत नाही त्यासाठी दुसरं मत घ्यावं. घरी जॅकवर गाडी उचलून खाली शिरणं मात्र टाळा.

दुसरा प्रश्न जोडीचा. शॉकअप आणि स्प्रिंग एकाच ॲक्सलवर दोन्ही बाजूंना बदलतात. एक नवा आणि एक थकलेला असेल तर दोन चाकं वेगवेगळी वागतात. म्हणून "पुढचे दोन्ही शॉकअप बदलू" हा सल्ला योग्य आहे. पण पुढचे गेले म्हणून मागचेही बदला, असं आपोआप होत नाही. एका बाजूचा बॉल जॉइंट किंवा लिंक रॉड एकटा बदलायलाही हरकत नाही.

तिसरा प्रश्न मजुरीचा. स्ट्रट खोलला की माउंट, बम्प स्टॉप आणि रबरी बूट हातात येतात. तेव्हाच ते बदलले तर मजुरी पुन्हा लागत नाही. इथे यादी थोडी लांबली तरी ती फसवणूक नसते.

चौथी गोष्ट फिटिंगची. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, म्हणजे वजन आल्यावर शेवटचे आवळायचे असतात. चाक हवेत लटकत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवे बुश लवकर फाटतात. 'सहा महिन्यांतच गेले' या तक्रारीमागे कधीकधी मालाचा नव्हे, तर या घाईचा दोष असतो. काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर नवे टायर झिजतील.

भाग कंपनीच्याच शोरूममधून घ्यायला हवेत असं नाही. गॅब्रिएलसारख्या, गाडी कंपन्यांना शॉकअप पुरवणाऱ्या कंपन्यांचा माल बाजारातही मिळतो. फक्त पक्कं बिल आणि वॉरंटी घ्या, आणि जुने भाग परत मागा.

खर्च परवडतो की नाही, कसं ठरवायचं?

बरेच जण खर्चाची तुलना गाडीच्या विक्री किमतीशी करतात. 'दीड लाखाच्या गाडीवर २५ हजार?' ही तुलना दिशाभूल करते, कारण गाडी विकली तरी प्रवास थांबत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा सस्पेन्शनचं पूर्ण काम २५,००० रुपयांत झालं आणि गाडी आणखी दोन वर्षं वापरायची आहे. महिन्याला खर्च आला सुमारे १,०४० रुपये. त्याऐवजी नव्या गाडीसाठी सहा लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता येतो सुमारे १२,४५० रुपये. बाकी गाडी ठणठणीत असेल तर दुरुस्ती स्पष्टपणे स्वस्त पडते.

पण 'बाकी गाडी ठणठणीत असेल तर' हीच खरी अट आहे. सस्पेन्शन जिथे जोडलं जातं त्या सांगाड्याला गंज लागलाय का, हे आधी पाहा. कोकण आणि मुंबईसारख्या दमट, खाऱ्या हवेत तर नक्कीच. तिथे पत्रा कुजला असेल तर नवे शॉकअप लावून उपयोग नाही. इंजिन, क्लच किंवा गिअरबॉक्सचं मोठं काम तोंडावर असेल, किंवा सहा महिन्यांत १५ वर्षं पूर्ण होणार असतील, तर सगळे खर्च एकत्र मांडून मगच ठरवा.

गाडी लवकरच विकायची असेल तर आरामासाठीची कामं सोडता येतात. सुरक्षेची मात्र नाही, कारण तोपर्यंत ती चालवणार तुम्हीच आहात आणि नंतर दुसरं कोणी.

स्क्रॅपचा पर्यायही आहे. केंद्राच्या धोरणानुसार अधिकृत केंद्रात गाडी मोडीत काढल्यावर मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या खासगी गाडीच्या रोड टॅक्समध्ये २५ टक्क्यांपर्यंत सवलत मिळू शकते. मात्र महाराष्ट्रात खासगी कार केवळ १५ वर्षांची झाली म्हणून मोडीत काढावी लागत नाही. समाज माध्यमांवर फिरणारे वयोमर्यादेचे मेसेज प्रामुख्याने दिल्ली-एनसीआरच्या नियमांबद्दल असतात.

खड्ड्यांमुळे झालं, तर पैसे कोण देणार?

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला सहा लाख रुपये आणि जखमींना दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ही रक्कम माणसांच्या हानीसाठी आहे. गाडीच्या झिजलेल्या बुशसाठी नाही.

विम्यातूनही झीज वगळलेली असते. एखाद्या खड्ड्यात आपटून आर्म वाकला तर तो अपघात म्हणून दावा करता येतो. त्यातही साध्या पॉलिसीत रबरी भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि दहा वर्षांपेक्षा जुन्या गाडीच्या धातूच्या भागांवरही ५० टक्के. वर्षानुवर्षं हळूहळू झालेली झीज मात्र कोणीही भरून देत नाही.

म्हणजे रस्ता कोणाचाही असो, सस्पेन्शनचं बिल मालकाच्याच नावावर येतं. म्हणूनच १५ वर्षांनंतरच्या आरटीओ तपासणीची वाट न पाहता वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यानंतर, गाडी लिफ्टवर चढवून सांधे, रबर आणि तेलाची गळती पाहून घ्यावी. यादी हातात आली की तिचे दोन भाग करावेत: तुटलं तर जिवावर बेतेल असं काय, आणि फक्त आवाज करणारं काय. पहिल्या भागासाठी पैसे आजच काढावे लागतात. दुसरा पुढच्या पगारापर्यंत थांबू शकतो.