शरीर वैरी झालेलं नसतं

ल्युपस झालेल्या बाईला एक वाक्य हमखास ऐकवलं जातं, ‘तुझंच शरीर तुझ्यावर उलटलंय.’ मग नातेवाईक त्यात भर घालतात. कुणी तिचं नशीब काढतं, कुणी स्वभाव. या वाक्याला माझा आक्षेप आहे. ते अर्धवट आहे आणि त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी ठरल्याप्रमाणे मरतात. १९७२ साली केर, वायली आणि करी या संशोधकांनी या मरणाला ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिलं. मूळ ग्रीक शब्द पानगळीचा. पेशी आतून आवरतं घेते, तिचे तुकडे होतात आणि भक्षक पेशी ते गिळून टाकतात. सूज येत नाही, बोभाटा होत नाही.

प्रतिकारशक्तीच्या पेशींनाही हाच नियम लागू आहे. स्वतःच्याच शरीरावर धावून जाऊ शकणाऱ्या अनेक पेशी थायमस ग्रंथीतच मारल्या जातात. १९९५ मध्ये काही मुलांच्या ‘फास’ जनुकात दोष सापडला. त्यांच्या पेशींना मरणाचा निरोपच नीट पोहोचत नव्हता. नको त्या पेशी साठत जाऊन प्लीहा सुजते आणि स्वतःच्याच रक्तपेशींवर हल्ला होतो.

ल्युपसमध्ये अडचण बहुधा पुढच्या टप्प्यावर असते. पेशी मरतात, पण केर वेळेवर उचलला जात नाही. पडून राहिलेले तुकडे फुटतात, आतला डीएनए उघडा पडतो आणि प्रतिकारशक्ती त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते. ‘सी-वन-क्यू’ हे प्रथिन या सफाईला मदत करतं. ज्यांच्यात ते जन्मतःच नसतं, अशा बहुतेकांना ल्युपस किंवा तसाच आजार होतो. ल्युपसला इतरही कारणं आहेत, पण हा धागा पक्का आहे.

एवढं समजलं की डॉक्टरांचा ‘उन्हात जाऊ नका’ हा सल्ला वेगळा ऐकू येतो. अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशी मरतात, म्हणजे आधीच न उचललेल्या केरात भर पडते. ल्युपसच्या दहापैकी सुमारे नऊ रुग्ण स्त्रिया असतात. शेतात किंवा बांधकामावर राबणारी बाई ऊन टाळू लागली, की घरचे म्हणतात, ‘फार नाजूक झालीस.’ त्यांना कुणी कारणच सांगितलेलं नसतं.

म्हणून माझं म्हणणं इतकंच, की रुग्णाला गोळ्यांच्या चिठ्ठीसोबत हे कारणही मिळालं पाहिजे, आणि तेही घरच्यांच्या देखत. तिचं शरीर तिचं वैरी नाही. त्याची सफाई मागे पडली आहे. वैऱ्याशी लढायला सांगितलेली बाई एकटी पडते. सफाईला हातभार मात्र सारं घर लावू शकतं.