बॅकअप निवडण्याआधी 'परत काय हवे' ते ठरवा

इंजिनीअर म्हटल्यावर नात्यातले, मोहल्ल्यातले लोक कॉम्प्युटरबद्दल बरेच काही विचारतात. अँटिव्हायरस कोणता टाकू, रॅम वाढवू का, जुन्या लॅपटॉपचे किती येतील. बॅकअप कसा घ्यावा हे विचारणारा मात्र वर्षाकाठी एखादाच भेटतो, आणि तोही बहुधा डिस्क बंद पडल्यावर. तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखे फारसे उरलेले नसते. मग 'नशिबात नव्हते' असे म्हणून विषय संपवला जातो. डिस्क हे यंत्र आहे आणि यंत्र कधी ना कधी बिघडते. त्याची तयारी आधी करता येते, म्हणून इथे नशिबाला मधे आणायचे कारण नाही.

आपल्यासाठी हा केवळ तांत्रिक प्रश्न नाही. महाराष्ट्रात ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचे पुरावे द्यावे लागतात. मोमीन, तांबोळी, पिंजारी अशा बिरादऱ्यांतल्या मुलामुलींची फी सवलत, शिष्यवृत्ती, कधी कधी प्रवेशसुद्धा, आजोबांच्या शाळा सोडल्याच्या एका पिवळ्या पडलेल्या दाखल्यावर अडतो. त्या दाखल्याचे, निकाहनाम्याचे, घराच्या उताऱ्याचे, कोर्टातल्या कागदांचे स्कॅन आज घरातल्या एकाच कॉम्प्युटरवर पडून असतात. स्कॅन म्हणजे मूळ कागद नव्हे, हे खरे. पण मूळ कागद हरवला, तर शाळेच्या रजिस्टरमधला नंबर आणि साल त्या स्कॅनवरूनच कळते आणि दुसरी प्रत मागता येते. ज्यांच्याकडे कागद मुळातच कमी आहेत, त्यांना त्यातला एकही गमावणे परवडत नाही.

म्हणून माझे मत असे की, 'बॅकअप कोणत्या पद्धतीने घेऊ' हा प्रश्न दुसरा. उद्या हा कॉम्प्युटर नाहीसा झाला तर काय परत हवे आहे आणि किती दिवसांत, हा पहिला.

घरातल्या माणसांना असे विचारले की उत्तर जवळपास ठरलेले येते: कागदपत्रे, फोटो, मुलांचे प्रोजेक्ट, अम्मीच्या शिवणवर्गाचा हिशोब. विंडोज कोणालाच परत नको असते, कारण ती पुन्हा टाकता येते. माझ्या क्षेत्रातले काही मित्र इथे माझ्याशी वाद घालतात. त्यांच्या मते संपूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे सगळ्या डिस्कची हुबेहूब प्रत घ्यावी. क्लोनझिलासारखे मोफत साधन हे काम चांगले करते. पण अशी इमेज मोठी होते, ती घेताना मशीन अडकून पडते, आणि त्यातून एकच फोटो बाहेर काढायचा तर सामान्य माणूस गोंधळतो. कंटाळा आला की बॅकअप बंद होतो आणि शेवटची प्रत दोन वर्षांपूर्वीची निघते. दुकानातल्या कॉम्प्युटरवर हिशोबाचे सॉफ्टवेअर, बिलाचा प्रिंटर, सगळी मांडणी बसवलेली असेल आणि एक दिवस दुकान अडले तरी नुकसान होत असेल, तर इमेज जरूर घ्या. घरासाठी फाइलींची प्रत पुरते.

दुसरा समज याहून धोक्याचा आहे: 'सगळे गूगलवर आहे.' ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हची जी सोय आपण वापरतो तिला सिंक म्हणतात. म्हणजे इथे जे होईल ते तिथेही होते. लहान मुलाने फोल्डर उडवले की ते तिकडूनही उडते. कचराटोपलीत ते साधारण ३० दिवस राहते, नंतर नाही. फुकट जागा गूगलकडे १५ जीबी आणि वनड्राइव्हवर ५ जीबी. गूगलची ती जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहे. ती भरली की नवे फोटो चढायचे थांबतात, आणि फोनवर आलेली सूचना कोणी वाचत नाही. शिवाय दोन वर्षे न वापरलेले खाते काढून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून लागू केले आहे. अब्बांच्या इंतकालानंतर त्यांच्या खात्याचा पासवर्ड कोणालाच माहीत नसेल, तर त्यातले फोटोही एक दिवस जातील. क्लाउड वापरू नका असे मी म्हणत नाही. ती आणखी एक प्रत आहे, तेवढीच समजा.

तिसरा समज: 'गेले तर रिकव्हरी करून घेऊ.' जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर उडवलेली फाइल तिच्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत टिकून असते. तेव्हा लगेच मशीन वापरणे थांबवले आणि ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून फोटोरेकसारखा मोफत प्रोग्रॅम चालवला, तर पुष्कळदा बरेच हाती लागते. पण आजच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. फाइल उडवली की विंडोज एसएसडीला ती जागा मोकळी झाल्याचे कळवते आणि एसएसडी ती जागा लवकरच पुसून टाकते. मग कोणताही प्रोग्रॅम काही आणू शकत नाही. हार्ड डिस्क खटखट आवाज करू लागली असेल तर ती पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका, त्याने नुकसान वाढते. अशा वेळी दुरुस्तीवाला तोंडाला येईल तो आकडा सांगतो, आणि आपण घरच्या बायकांचे फोटो, बँकेचे कागद असलेली डिस्क एका अनोळखी माणसाच्या टेबलावर सोडून येतो. रिकव्हरी हा शेवटचा उपाय आहे. त्याच्या भरवशावर घर चालवू नये.

मग करायचे काय? पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ नियम मला घरासाठीही योग्य वाटतो: एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर.

पहिली प्रत कॉम्प्युटरवर असतेच. दुसरीसाठी बाहेरून जोडायची एक हार्ड डिस्क घ्या. विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये फाइल हिस्टरी आहे, मॅकमध्ये २००७ पासून टाइम मशीन आहे. दोन्ही फाइलींच्या जुन्या आवृत्त्याही ठेवतात. त्यामुळे मागच्या महिन्यात कोणी चुकून बदललेला अर्जसुद्धा परत मिळतो. आठवड्यातून एकदा डिस्क जोडा, काम झाले की काढून कपाटात ठेवा. काढणे महत्त्वाचे आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभर कॉम्प्युटर कुलूपबंद केले होते. अशी खंडणीखोर सॉफ्टवेअर जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही सोडत नाहीत.

तिसरी प्रत घराबाहेर का? २६ जुलै २००५ ला मुंबईत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये घराघरांत पाणी शिरले. तेव्हा कपाटातली डिस्क आणि टेबलावरचा कॉम्प्युटर एकाच पाण्यात भिजणार. सगळेच क्लाउडवर चढवायचे तर वेळही मोजा: १०० जीबीला १० एमबीपीएसच्या अपलोडने साधारण २२ तास लागतात. म्हणून कागदपत्रांचे छोटे फोल्डर क्लाउडवर ठेवावे. ते सेव्हन-झिपने पासवर्ड लावून ठेवले तर अधिक बरे. फोटोंची दुसरी डिस्क दुसऱ्या गावी खालाकडे किंवा फुफीकडे ठेवावी आणि ईदला जाताना बदलून आणावी.

आता शेवटचे दोन मुद्दे, जे मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात.

एक, परत आणून पाहिल्याशिवाय बॅकअप झाला असे मानू नका. तीन महिन्यांतून एकदा ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि चार फाइली उघडून बघा. विंडोज ११ चे बरेच लॅपटॉप आधीच एन्क्रिप्ट केलेले असतात आणि कधी कधी ४८ अंकी रिकव्हरी की मागतात. ती की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, आणि ते खाते अनेकदा दुकानदाराने किंवा भाच्याने उघडून दिलेले असते. आजच ती की शोधा, कागदावर लिहा आणि घराच्या कागदांबरोबर ठेवा.

दोन, हे काम एकट्या पुरुषाच्या हाती ठेवू नका. आपल्या घरांत 'कॉम्प्युटर भाईजान बघतात' अशी वाटणी असते. भाईजान आखातात नोकरीला गेले, आजारी पडले किंवा घरात वाद झाला, की पासवर्ड त्यांच्याबरोबर जातो आणि निकाहनाम्याची किंवा मुलांच्या दाखल्यांची प्रत शोधणारी बाई हात जोडत फिरते. स्वतःचे कागद स्वतः उघडता येणे हा तिचा हक्क आहे. डिस्क कुठे आहे, पासवर्ड काय आहे, फाइल परत कशी आणायची, हे घरातल्या किमान दोघांना आले पाहिजे आणि त्यातली एक बाई असावी.

आपले कार्यकर्ते मोहल्ल्यात शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून देतात, दाखल्यांसाठी तहसीलला खेटे घालतात. त्याच टेबलावर फॉर्म भरून झाला की पाच मिनिटे आणखी द्यावीत: स्कॅन केलेला कागद पेन ड्राइव्हवर घालून त्या बाईच्या हातात द्यावा आणि तो तिच्याकडूनच उघडून घ्यावा. यासाठी इंजिनीअर लागत नाही.