हौदात मोटार सोडण्याआधी

वारंगा फाट्यावर नवं घर झालं की अंगणात हौद, गच्चीवर टाकी आणि हौदात पाण्यात बुडणारी मोटार, हे आता ठरलेलंच. मोटार बसवायला अर्धा दिवस पुरतो. ती चुकीची बसली तर मात्र पाइपचे जोड सुटतात, भिंतीला ओल धरते आणि भर उन्हाळ्यात विकत घेतलेलं पाणी जमिनीत मुरतं.

हे टाळायला दोनच गोष्टी लागतात. मोटार चालू असताना पाण्याची वाट अडू देऊ नका. आणि पाइप कुठे लोंबकळत ठेवू नका.

आधी मोटार नीट निवडा. ‘बोअरची जुनी मोटार पडूनच आहे, तीच हौदात सोडू’, असं घरात कोणीतरी म्हणतंच. तसं करू नका. ती मोटार दोन-तीनशे फुटांवरून पाणी उचलण्यासाठी केलेली असते. तुमची टाकी हौदापासून पंचवीस-तीस फूट उंच.

हिशेब सोपा आहे. पाणी ३३ फूट चढवायला साधारण एक किलो दाब लागतो. तीनशे फुटांच्या मोटारीपुढे वॉल्व्ह बंद राहिला, तर पाइपमध्ये नऊ किलोपर्यंत दाब येतो. शेतात वापरतो तो पाइप बहुतेक वेळा चार किंवा सहा किलोचा असतो. मग जोड सुटला तर दोष पाइपचा नाही.

शिवाय बोअरची मोटार तिच्या अंगावरून वाहणाऱ्या पाण्याने गार राहते. मोकळ्या हौदात पाणी तसं वाहत नाही आणि ती तापते. दुमजली घराला अर्ध्या एचपीची ओपनवेल मोटार बहुतेक वेळा पुरते. दुकानात नुसती एचपी सांगू नका. हौदाच्या तळापासून टाकीच्या तोंडापर्यंतची उंची मोजून न्या.

आता वरच्या टाकीकडे पाहा. मोटारीचा पाइप टाकीत पडतो तिथे बॉल कॉक बसवू नका. टाकी भरली की तो बंद होतो, खाली मोटार मात्र ढकलतच राहते. त्याऐवजी टाकी भरल्यावर मोटारच बंद करणारा फ्लोट स्विच लावा. टाकीला जादा पाणी वाहून जाण्यासाठी मोठा पाइपही ठेवा. फ्लोट अडकला तर पाणी गच्चीवर सांडेल, पण जोड शाबूत राहतील.

मोटार बंद होते त्या क्षणी पाइपमधलं पाणी उलटं फिरतं. ते अडवायला मोटारीजवळ स्प्रिंगचा एनआरव्ही बसवून घ्या. मोटार बंद होताना भिंतीत दर वेळी ‘ठण्ण’ आवाज येत असेल तर त्याची सवय करून घेऊ नका. तो मार जोडांवर बसत असतो. फिटरला बोलवा.

लाईट जाऊन मोटार बंद पडते तेव्हाही हाच मार बसतो. म्हणून लाईट सारखी ये-जा करत असेल तेव्हा मोटार बंदच ठेवा. लाईट टिकली असं दिसलं की दोन मिनिटं थांबून चालू करा.

पुढचं काम पाइपला आधार देण्याचं. मोटार सुरू होताना झटका देते आणि पाइपला पीळ बसतो. म्हणून हौदाच्या तोंडाशी पाइप क्लॅम्पने पक्का धरा. भिंतीवर दर तीन फुटांवर क्लॅम्प हवा. मोटार केबलला लटकवू नका, तिला नायलॉनचा दोर बांधा. हौदाबाहेर एक युनियन ठेवा, म्हणजे पुढे मोटार काढायला पाइप कापावा लागणार नाही. उन्हातल्या प्लास्टिकच्या पाइपला रंग द्या, नाहीतर तो कडक होऊन तडकतो.

आपली जमीन काळी. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पुरलेल्या पाइपला ओढते. पाइपखाली आणि भोवती बारीक मुरूम भरा. हौदाच्या भिंतीतून पाइप जातो तिथे तो सिमेंटने गच्च बसवू नका. थोडी हलायला जागा ठेवा आणि लवचिक मसाल्याने भरून घ्या.

आपल्या हिंगोली जिल्ह्याला २१ मार्च आणि १० जुलै २०२४ ला भूकंपाचे धक्के बसले, दोन्ही वेळा ४.५ तीव्रतेचे. असा धक्का बसला की घराच्या भिंती बघता, तसे हौद आणि पाइपचे जोडही बघा.

मोटार तळाला टेकवू नका, खाली वीट-दोन विटांचा ओटा करा. तळातला गाळ आत गेला की मोटार झिजते. पाणी संपूनही ती फिरत राहिली तर सील जळतं. म्हणून हौदातही एक फ्लोट हवा, पाणी कमी झालं की मोटार बंद करणारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मोटार चालू असताना हौदात हात घालू नका, बादली बुडवू नका. आधी मेन स्विच बंद करा. पाण्यात बुडणाऱ्या केबलला जोड नको, अखंड केबल घ्या. अर्थिंग आणि करंट गळला की वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावल्याशिवाय मोटार सुरू करू नका. हौद साफ करायला एकट्याने उतरू नका. झाकण उघडून बराच वेळ हवा खेळू द्या आणि वर कोणीतरी उभं ठेवा. लेकरं खेळतात त्या अंगणात झाकणाला कुलूप हवंच.

महिन्यातून एकदा एवढं करा. रात्री हौदात येणारं पाणी बंद करा, मोटार बंद ठेवा आणि पाण्याच्या पातळीवर खडूने खूण करा. वरच्या टाकीतही तशीच खूण करा आणि रात्रभर नळ उघडू नका. सकाळी हौदातली पातळी उतरली असेल तर हौद गळतो. टाकीतली उतरली असेल तर टाकी, घरातला पाइप किंवा नळ गळतो. दोन्ही जागच्या जागी असतील तर मोटार चालू करा आणि पाणी वर चढतंय तोवर हौदाबाहेरच्या प्रत्येक जोडावरून कोरडा हात फिरवा. हात ओला झाला तर त्याच दिवशी फिटरला बोलवा.