गच्चीवरचा सूर्य आणि भिंतीतली उष्णता

गच्चीवर सौरपट्ट्या बसविल्या की घर विजेच्या बाबतीत स्वावलंबी झाले, असा एक भाबडा समज सध्या दृढ होत चालला आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केलेल्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते, आणि त्या योजनेचे आम्ही स्वागतच करतो. परंतु वर्षभरात जेवढी वीज वापरावी तेवढीच स्वतः निर्माण करावी, असे ‘शून्य-ऊर्जा घर’ केवळ पट्ट्यांच्या बळावर उभे राहत नाही.

थोडा हिशेब पाहावा. तीन किलोवॅटचा संच दिवसाला सरासरी बारा युनिटे वीज देतो आणि त्यास सुमारे तीस चौरस मीटर जागा लागते. दोन खोल्यांतील वातानुकूलन यंत्रे रात्रभर चालली की ती बारा युनिटे तेथेच संपली. आता पाच मजली, वीस सदनिकांची इमारत घ्या. प्रत्येकाच्या वाट्यास असा संच द्यायचा तर सहाशे चौरस मीटर गच्ची हवी. पाण्याच्या टाक्या वगळून ती आणायची कोठून?

म्हणजे मागणीच कमी केली पाहिजे, आणि ती नकाशावर कमी होते. चिऱ्याच्या जाड भिंती, खाली उतरलेले कौलारू छप्पर, रुंद ओसरी आणि मध्ये राजांगण ही आपल्या जुन्या घरांची रचना दमट हवेत वारा खेळता ठेवण्यासाठीच होती. त्या घरांचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही; तेथील स्वयंपाकघराचा धूर ज्यांनी सोसला त्या गृहिणींना त्यांची दुसरी बाजूही ठाऊक आहे. पण आज पश्चिमेच्या उन्हात उघडी भिंत, वीतभर छज्जा आणि जेमतेम अर्धीच उघडणारी सरकती काच, हे कोणत्या शास्त्रात बसते?

केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता विभागाने २०१८ साली ‘इको-निवास संहिता’ काढली. उष्ण व दमट प्रदेशात उघडणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र चटईक्षेत्राच्या एक षष्ठांशाहून कमी नसावे, असे ती सांगते. २०२२ च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्ती कायद्याने मोठ्या निवासी इमारतीही संहितेच्या कक्षेत आणल्या. मात्र मर्यादा १०० किलोवॅट जोडभाराची. ती खाली आणण्याचा अधिकार राज्यांना आहे. लहान इमारतींच्या या गोव्यात तो वापरला नाही तर कायदा बहुतेक घरांच्या डोक्यावरून जाईल.

गोव्याला लागणारी बहुतेक वीज बाहेरून येते. मोलेच्या रानातून वाहिनी नेण्यास २०२० साली येथील तरुणांनी विरोध केला तेव्हा त्यांना पर्याय विचारला गेला. या पर्यायाचा एक भाग बांधकाम परवान्याच्या फायलीत आहे. बिल्डर सदनिका विकून मोकळा होतो, बिल मात्र तीस वर्षे रहिवासी भरतो. पश्चिमेच्या भिंतीवर सावली किती आणि खिडकी उघडते किती, हे दोन प्रश्न आराखडा मंजूर करताना विचारण्यास सरकारला कोणत्याही नव्या निधीची गरज नाही.