श्रीस्थानकातील एक दिवस

भिवंडीहून कशेळीचा पूल ओलांडला की ठाणे फार दूर नाही. पण आमच्याकडील बहुतेक मंडळींस ते कचेरी, दवाखाना आणि आगगाडी यांपुरतेच ठाऊक असते. वस्तुतः हे शिलाहारांचे श्रीस्थानक. 1787 साली येथील किल्ल्यात पाया खणताना अरिकेसरी राजाचा शके 939 चा संस्कृत ताम्रपट निघाला. अशा नगरात नातवंडांस एक दिवस केवळ देवस्थाने दाखवावयास न्यावे, असे मनात होते. तो योग गेल्या महिन्यात आला.

प्रथम मासुंदा तलावाकाठचा कौपिनेश्वर. आजचे देऊळ सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी 1760 साली बांधविले. पोर्तुगीजांच्या अमलात साष्टीतील देवळे पाडली गेली होती. 1737 त मराठ्यांनी ठाणे घेतल्यावर पुन्हा घंटा वाजू लागल्या. हे ऐकून धाकट्या नातवाने जवळच्या ख्रिस्ती देवालयाच्या क्रुसाकडे ज्या नजरेने पाहिले, ती मला मुळीच रुचली नाही. म्हणून त्यास तसाच सेंट जॉन बाप्टिस्टच्या देवालयात नेले आणि बाकावर बसवून दुसरी हकीकत सांगितली.

पोर्तुगीज येण्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधी, 1321 साली, चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्यास उतरले. येथे नेस्तोरियन ख्रिस्त्यांची पंधरा घरे होती. त्यांपैकी एका घरी ते राहिले. त्या घरच्या नवऱ्याने बायकोस मारले. ती काजीकडे गेली आणि साक्षीदार म्हणून पाहुण्यांची नावे सांगून बसली! काजीपुढे धर्माचा वाद निघाला, तो विकोपास गेला आणि चौघेही प्राणास मुकले. पुढे ओदोरिक नावाच्या साधूने त्यांच्या अस्थी चीनपर्यंत नेल्या. परंतु त्याच ओदोरिकने लिहून ठेवले आहे की, हे कृत्य करविणाऱ्या अधिकाऱ्यास दिल्लीच्या सुलतानाने देहदंड दिला. हा शेवटचा भाग सांगणारे थोडे.

"मग वाईट कोण, आजोबा?" असा प्रश्न आलाच. मी म्हटले, "ज्याने मारले तो. त्याच्या देवाने नव्हे." हे उत्तर शास्त्रशुद्ध आहे की नाही, ते पंडितांनी पाहावे. आम्ही भिवंडीकरांनी 1970 आणि 1984 चे दंगे पाहिले आहेत. अर्धी हकीकत कानी पडलेली पोरे काय करतात, हे आम्हांस पोथीतून शिकावे लागत नाही. पाडलेले देऊळ मुलांपासून लपवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पण सांगावयाचे तर त्या सुलतानाचा न्यायही त्याच बैठकीत सांगावा.

दुपारी 1879 सालचे बेने इस्रायलांचे प्रार्थनामंदिर पाहिले. 'शआर हशामाईम' म्हणजे स्वर्गद्वार. हे लोक पूर्वी कोकणात तेलाचे घाणे चालवीत व शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून 'शनवार तेली' म्हणविले जात. त्यांची भाषा मराठी. आपल्या धर्मकथांवर त्यांनी मराठीत कीर्तनेही केली. हे ऐकून सूनबाई अधिक चकित झाल्या, मुले नव्हेत.

मुसलमानी स्थानासाठी ठाण्यास जावयास नको. दिवाणशहाचा दर्गा आमच्या गावातच आहे. पारशी अग्यारीत मात्र परधर्मीयांस प्रवेश नसतो. मुलांस हे आधी सांगून ठेवावे, म्हणजे दाराशी हट्ट होत नाही. आमच्या मुलांनी बाहेरूनच हात जोडले.