पोलीस कारवाई, युद्ध की आक्रमण?



17 सप्टेंबर जवळ आला की आपल्या मंडळात दोन तऱ्हेची बोलणी सुरू होतात. एक जुनेच: "रझाकारांना चांगला धडा शिकवला, पुढचे काही उकरू नका." दुसरे यंदा ऐकले, एका शिकलेल्या सुनेकडून: "काकू, रशियाने युक्रेनमध्ये सैन्य घातले तर आपण नावे ठेवतो, मग 1948 साली भारताने हैदराबादेत घातले ते वेगळे कसे?" मला दोन्ही पटत नाहीत, म्हणून लिहायला बसले.

आधी नावाचे बघू. आपण सगळे "पोलीस अॅक्शन" म्हणतो. 13 सप्टेंबर 1948 ला सोलापूरकडून नळदुर्गावर जे आले ते काही हवालदार नव्हते. रणगाडे होते, वर विमाने होती. युद्ध म्हटले तर हैदराबाद परका देश ठरतो, म्हणून हा शब्द. निजामाचे गाऱ्हाणे ऑगस्टमध्येच राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीकडे गेले होते, हे विसरू नका. रशियाने 2022 मध्ये "विशेष लष्करी कारवाई" म्हटले तेव्हा मला लगेच आपली पोलीस कारवाई आठवली. इथवर त्या सुनेचे बरोबर आहे.

आणि कायद्याने निजामाची बाजू अगदीच पोकळ नव्हती. इंग्रज गेले, त्यांचे सार्वभौमत्व संपले, संस्थानिक मोकळे झाले. 29 नोव्हेंबर 1947 ला भारताने त्यांच्याशी एक वर्षाचा "जैसे थे" करार केला. वर्ष पुरे व्हायच्या आतच सैन्य आले. मला हा मुद्दा लपवायचा नाही.

पण मी बी.कॉम. झालेली बाई, करार म्हटला की दोन्ही खाती बघते. करार चालू असताना हैदराबादने पाकिस्तानला 20 कोटींचे रोखे कर्जाऊ दिले. भारताचा रुपया राज्यात चालणार नाही असा हुकूम काढला. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीची विमाने भरून शस्त्रे आणत होता. भारतानेही नाकेबंदी केली, औषधेसुद्धा अडवली अशी निजाम सरकारची तक्रार होती. म्हणजे करार दोघांनी मोडला. मात्र माझ्या लेखी खरा ठपका यात नाहीच. खरा ठपका हा की लातूरच्या वकिलाच्या, कासिम रझवीच्या, हातात रझाकारांची फौज देऊन राज्याने आपल्याच रयतेवर सोडली. बिदरकडे गोरट्यात मे 1948 मध्ये काय झाले ते जुन्या लोकांना विचारा.

इथेच युक्रेनशी तुलना तुटते. त्या स्वारीच्या कितीतरी आधीपासून राज्यातलेच लोक उठलेले होते. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते, आपल्या पाच मराठी जिल्ह्यांतली पोरे हद्दीवरच्या छावण्यांत होती. आणि हे काही फक्त हिंदूंचे नव्हते. "इमरोज"चे संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात सामील व्हा असे लिहिले म्हणून 22 ऑगस्टला त्यांचा खून झाला. 1952 ला इथे मतदान झाले, सरकार लोकांनी निवडले. 2003 मध्ये अमेरिका इराकमध्ये घुसली ती ज्या शस्त्रांसाठी, ती सापडलीच नाहीत. इथले रझाकार मात्र सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलेले होते.

आता आपल्या धर्माकडे येते. हिंसा चार प्रकारची, हे आपण पाठशाळेत शिकलो: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. श्रावकाला संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला आहे. कोणी घरावर चालून आले तर करावी लागते ती विरोधी, ती गृहस्थाला पूर्ण सुटत नाही. (सुटत नाही म्हणजे तिचा कर्मबंध होत नाही, असे नव्हे. हे महाराजांच्या प्रवचनात शंभरदा ऐकूनही आपण सोयीने विसरतो.) ते पाच दिवस मी विरोधी हिंसेत धरते. त्या वर्षी ते पडलेही आपल्या दशलक्षण पर्वात. 17 सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीला, निजामाने हार मानली.

आणि नंतर? जुने बोलणे करणाऱ्या बायकांना माझा प्रश्न हा आहे. सैन्य आल्यावर, रझाकार पळाल्यावर, गावोगावच्या साध्या मुसलमानांना मारले, त्यांच्या बायकापोरांचे हाल केले, ती कोणती हिंसा? तिथे कोण चालून आले होते? पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना दिल्लीनेच पाठवले होते. त्यांचा अंदाज 27 ते 40 हजार माणसांचा. सर्वांत जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि आपला शेजारी नांदेड या जिल्ह्यांना. काही ठिकाणी सैनिकही सामील होते, असेही त्यांनी लिहिले. सरकारने तो अहवाल छापलाच नाही, 2013 च्या सुमाराला तो लोकांना बघायला मिळाला. आकड्यावर वाद घाला, पण वाद घालायलाही तो समोर हवा ना! आमच्या सासूबाई सांगायच्या, दर सणाला माहेरी बांगड्या भरायला येणारी मणियारीण त्या वर्षानंतर आली नाही. घरातल्या कोणीच चौकशी केली नाही.

"रझाकारांनी केले त्याचा हा बदला" असे म्हणणारीला मी विचारते, बदला घेतला कोणावर? रझवी तुरुंगात बसला आणि 1957 ला सुटून पाकिस्तानात गेला. निजाम तर 1950 ला राजप्रमुख झाला, वर्षाला 50 लाखांचा तनखा! मेले ते विणकर, मणियार, शेतमजूर. भरत-बाहुबलीची कथा आपण मुलांना सांगतो. दोघांच्या भांडणात सैन्याने का मरायचे, असे मंत्री म्हणाले आणि दोघे भाऊ एकटे लढले. आपल्याकडे उलटे झाले, मोठे वाचले.

सुंदरलाल यांच्या त्याच अहवालात हेही आहे की कित्येक ठिकाणी हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना वाचवले, हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांसाठी जीवही दिला. हा भाग तरी झेंडावंदनाच्या भाषणात यायला काय हरकत आहे? "मुलांचा गोंधळ होईल" हे उत्तर मला मान्य नाही. उत्तम क्षमेपासून उत्तम ब्रह्मचर्यापर्यंत दहा धर्म तोंडपाठ म्हणणारी मुले ती, दोन गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकतात हे त्यांना कळते.

यंदा नातीच्या भाषणात शोएबुल्ला खान आणि त्या विणकरांवर दोन-दोन वाक्ये घातली आहेत. बाई ठेवतात की खोडतात, ते बघू.